फुकटचं स्टँड

आमच्या बाहेरच्या खोलीत, दारातून आत आलं की समोरच, सायकलचा एक सांगाडा टांगलेला आहे. चाकं नाहीत, हँडल नाही, सीट नाही. निळा रंग, आणि मागच्या बाजूच्या खालच्या नळीवर अंगठा बसेल एवढा एक खळगा. घरी आलेलं माणूस चहा पिता पिता दोनदा तिकडे बघतं आणि तिसऱ्यांदा विचारतंच. सुनेनं त्यावर एक उत्तर तयार ठेवलंय, "सासूबाईंची आठवण आहे ती." ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारी तरुणपणी शर्यती मारत असणार. मी खोडून काढत नाही. आयता मिळालेला मान कोण परत करतं?

खरं असं आहे की तो खळगा मी पाडलेला आहे. स्वतःच्या हातानं, पूर्ण ताकद लावून, आणि वर "बघ कसं काम करून दिलंय" असं म्हणत. संपादकांनी "तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा" म्हणून फोन केला, तेव्हा बाई पंक्चरच्या चार गमती सांगेल असं त्यांना वाटलं असावं. त्या गमती आहेत. पण लिहायला बसले आणि नजर गेली ती भिंतीकडेच.

आमचं दुकान पिरंगुटात, पौडला जाणाऱ्या रस्त्याला. दुकान यांचं. अठ्ठ्याण्णव साली यांची कंबर धरली, डॉक्टरांनी वाकायला बंदी केली, आणि सायकलच्या दुकानात न वाकता करण्यासारखं एकच काम असतं, ते म्हणजे गल्ल्यावर बसणं. "महिनाभर तू हात लाव, मी बसून सांगतो," हे म्हणाले. तो महिना चोवीस वर्षं चालला. तेव्हा मी चाळिशीतली, अंगानं दांडगी आणि अकलेनं त्याहून दांडगी, असा माझा समज. पहिल्याच आठवड्यात मी एका दूधवाल्याच्या चाकात इतकी हवा भरली की ट्यूब फुटल्याच्या आवाजानं समोरच्या पिठाच्या गिरणीतली माणसं बाहेर आली. मी त्यांना सांगितलं, ट्यूब जुनी होती. ट्यूब आदल्या दिवशीच मी बसवलेली.

पण एक गोष्ट यांनी शिकवली आणि मी ती घटवली. आमच्या धंद्यात नवी सायकल नुसती देत नसत. कंपनीतून खोक्यात सुटी येते, आम्ही जोडतो, मग तिला स्टँड, घंटी, कॅरिअर, कुलूप चढवायचं, चाकाशी नारळ फोडायचा आणि मग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. त्यातलं स्टँड आमच्याकडून फुकट. आणि गिऱ्हाईक काय करायचं? ब्रेक बघत नसे. स्टँडला लाथ मारून बघायचं. हललं, तर दुकानदार कच्चा. म्हणून स्टँडचा बोल्ट आवळताना हे पान्याच्या दांड्यावर हातभर लोखंडी पाइप घालत, म्हणजे जोर दुप्पट लागतो. "स्टँड हलता कामा नये," एवढा यांचा एकच मंत्र. भरे गावातले कामगार आमच्या काळ्या लोखंडी सायकली कारखान्याबाहेर उभ्या करत, आणि संध्याकाळी त्या तशाच उभ्या असत. तो पाइप भिंतीला खिळ्यावर लटकवलेला असे. खंडेनवमीला त्याला पहिलं कुंकू मी लावायची.

मग हिंजवडी वाढली, नांदे-नेऱ्याच्या शेतात इमारती उगवल्या, आणि गिअरच्या सायकली आल्या. मी हरखूनच गेले. त्यातही जिला पुढे आणि मागे, दोन्हीकडे स्प्रिंगा, ती माझी लाडकी. दिसायला कशी, तर मोटारसायकलची धाकटी बहीण. मी त्या दारात रांगेनं लावायची आणि येईल त्याच्या गळ्यात मारायची. "डोंगरावर न्यायचीय? मग हीच. बसलं की गादीवर बसल्यासारखं." मी स्वतः तिच्यावर बसून दुकानापासून गिरणीपर्यंतसुद्धा गेले नव्हते.

हा माझा तोरा उतरवला तो देशमुखांनी. मूळचे उदगीरचे, नोकरी हिंजवडीत, राहायला नेऱ्याला. वजनदार माणूस, पण बोलणं अगदी हळू. हातात प्लॅस्टिकच्या फाइलीत इंटरनेटवरून छापून आणलेले कागद.

"काकू, हार्डटेल आहे का?"

"आहे ना," मी म्हटलं, आणि माझी लाडकी पुढे केली.

"काकू, ही नव्हे. हिला मागं स्प्रिंग आहे."

"मग चांगलंच की! एक स्प्रिंग जास्त देतेय."

देशमुख हसले नाहीत. स्टूल ओढून बसले आणि मला एकेक सांगायला लागले. हार्डटेल म्हणजे पुढच्या चिमट्यात स्प्रिंग, आणि मागची बाजू ताठ, सरळ नळ्यांची. ते सांगत होते ते मी आता तुम्हाला सांगते, कारण पुढची बारा-पंधरा वर्षं मी ते स्वतःचं म्हणूनच खपवलं. माळावरनं, पायवाटांनी, चढउतारानं लांब जायचं, म्हणजे ज्याला क्रॉस-कंट्री म्हणतात ते करायचं, तर अर्धा जीव चढावर जातो. तिथे मागची स्वस्त स्प्रिंग पायाचा जोर खाऊन टाकते. वर तिचं वजन. आणि खिशात पैसे बेताचे असले, तर कंपनी त्याच पैशात मागची स्प्रिंग बसवते म्हणजे कुठेतरी कापतेच. चाकात कापते, ब्रेकमध्ये कापते, गिअरमध्ये कापते. म्हणून थोड्या पैशात डोंगर करायचा असेल तर मागचे लाड सोडायचे. हलकी अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम घ्यायची, चाकं आणि ब्रेक चांगले बघायचे, टायर खडबडीत घ्यायचे, आणि सगळ्यात आधी सायकल आपल्या मापाची आहे ना ते बघायचं.

देशमुखांसाठी मी पुण्याहून निळी हार्डटेल मागवली. सोबत आणखी एक आली, थोडी लहान मापाची. देशमुखांच्या सायकलला मी स्टँड बसवलं, पाइप घालून. त्यांनी लाथ मारून बघितली नाही, म्हणून मीच मारून दाखवली.

दुसरी निळी यास्मिनला गेली.

यास्मिन मुलाणी पौडची. बाजारपेठेत तिच्या अब्बांचं चपलांचं दुकान. शारीरिक शिक्षणाचा कोर्स करत होती, काटक, आणि जिभेला धार. दोन हजार आठचा पावसाळा नुकता सरला होता. पौडच्या पुढे डोंगरात क्रॉस-कंट्रीची शर्यत व्हायची होती, आणि तीत पहिल्या दोन मुलींना सरावाच्या शिबिरात घेणार होते. तिच्या वयाच्या गटाचं तिचं ते शेवटचं वर्ष. आदल्या वर्षी ती मामेभावाची सायकल घेऊन उतरली होती. सीटवर बसलं की पाय जेमतेम पोचायचे, आणि ती चौथी आली होती.

"मावशी, अब्बांनी एवढेच दिलेत," तिनं आकडा सांगितला. "एवढ्यातच बसवायचंय. दिखावा नको."

तरी मी माझी लाडकी एकदा पुढे केलीच. खोड जाते का? पोरीनं दोन्ही चालवून बघितल्या. आधी लाडकी घेतली, लवळ्याच्या रस्त्याच्या चढावर जाऊन आली. मग निळी घेतली, तोच चढ. धापा टाकत उतरली आणि म्हणाली, "मावशी, तिला मी ढकलत होते. ही मला नेते."

मग तिनं निळीच्या आडव्या दांड्यावर दोन्हीकडे पाय टाकून उभं राहून बघितलं, दांड्यात आणि आपल्यात चार बोटं जागा आहे ना. उचलून बघितली. त्या पैशात डिस्क ब्रेकवालीही एक मिळत होती, पण तिनं ती सोडली. "स्वस्तातली डिस्क चिखलात रडते. साधे ब्रेक द्या, पण चांगले." वाचलेल्या पैशात टायर बदलून घेतले. गिऱ्हाईक म्हणून तिला दहापैकी दहा. दुकानदारणीचं काय ते पुढे आहे.

"स्टँड नको हां मावशी. वजन वाढतं."

"अगं फुकट आहे!"

"फुकट असलं तरी वजन असतंच ना त्याला?"

"मग उभी कशी करणार? भिंतीला टेकवून? माझ्या दुकानातनं सायकल लंगडी जात नाही."

गल्ल्यावरून हे म्हणाले, "नको म्हणतीय तर राहू दे की." मी यांच्याकडे असं बघितलं की हे पेपर वाचायला लागले.

मी पाइप काढला. पान्यावर घातला, सायकल गुडघ्यात धरली आणि आवळलं. आणखी आवळलं. स्टँडच्या दोन पट्ट्या असतात, त्या मागच्या दोन खालच्या नळ्यांना वरनं आणि खालनं चिमटीत धरतात. शेवटच्या पिळाला बारीकसा आवाज आला. कुर्र.

"मावशी, काहीतरी वाजलं."

"नवी वस्तू आहे. वाजणारच."

मला तो आवाज मजबुतीचा वाटला होता. इतक्या वर्षांनी सांगते, मला तो आवाज आवडला होता.

शर्यतीच्या रविवारी मी आठला दुकान उघडलं. हे गावाला गेलेले. नारळाच्या शेंडीनं उंबरा झाडतेय तोवर देशमुखांची गाडी येऊन थांबली, मागच्या सीटवर कोंबलेली निळी सायकल.

"काकू, चढाला लागलं की मागून कट् कट् आवाज येतोय. बघता का जरा?"

सायकल उलटी केली. पेडलचा क्रँक हलवून बघितला, ठीक. चाक ठीक. मग स्टँडला हात लावला आणि ते हललं. माझं स्टँड हललं! मला राग आला, स्टँडचाच. आवळायला पाना घेतला, मग म्हटलं आधी काढून बघावं, धूळ गेली असेल. काढलं. खाली नळीवर खळगा. आणि खळग्याच्या कडेनं एक केस चिकटलेला.

फडक्यानं पुसला. गेला नाही. परत पुसला. मग त्यावरून नख ओढलं. नख अडकलं.

देशमुख खाली वाकले. त्यांनीही नख ओढून बघितलं. मग म्हणाले, "काकू, हा तडा आहे."

"स्टँडनं?"

"तुम्ही कशानं आवळलं होतं?"

मी भिंतीवरच्या पाइपकडे बघितलं. त्यांनीही बघितलं.

"लोखंड असतं तर दबलं असतं, वाकलं असतं, काहीतरी खूण दिली असती," ते त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले. "अ‍ॅल्युमिनियम लई सांगत नाही काकू. एकदा चेपलं की आतल्या आत चिरत जातं आणि जोराच्या दणक्याला एकदम सुटतं. बरं झालं मी उतारावर नव्हतो. मागचं चाक निसटलं असतं, आणि मी..."

पुढचं मी ऐकलं नाही. माझ्या डोळ्यापुढे दुसरी निळी आली होती. तीच फ्रेम, तोच पाइप, तीच मी. देशमुख शनिवार-रविवारचे डांबरावरचे. यास्मिन दोन महिने रोज डोंगरात आपटत होती. आणि शर्यत नऊला होती.

दुकानातल्या फोननं तिचा मोबाइल लावला. उचलला तिच्या अब्बांनी.

"यास्मिन? ती तर सहालाच गेली की ताई. मोबाइल घरी ठेवून गेली, म्हणाली लक्ष जातं. का हो, काय झालं?"

"काही नाही भाई. सायकलचं जरा विचारायचं होतं."

"सायकल झकास आहे!" अब्बा म्हणाले. "काल रात्री पुसून पुसून चमकवली तिनं. स्टँडसुद्धा काढून ठेवलंय, शर्यतीला हलकी पाहिजे म्हणून."

म्हणजे चिरलेल्या नळीला आवळून धरणारं स्टँडही आता नव्हतं. तिनं खळगा पाहिला असणार, आणि मावशीनं घट्ट बसवल्याची खूण म्हणून सोडून दिला असणार. मी फोन ठेवला. त्या भल्या माणसाशी खोटं बोलले ते बोलले, पण खरं सांगून तरी तो घरबसल्या काय करणार होता?

देशमुखांनी गाडी सुरूच ठेवली होती. मी शटर अर्धं ओढलं आणि बसले. मांडीवर पाना होता. कशाला घेतला, विचारू नका.

पिरंगुट ते पौड मी आयुष्यात हजारदा गेले असेन, त्या दिवशीइतकं लांब कधी नव्हतं. रविवार, ऊन पडलेलं, सगळं पुणं धरण बघायला निघालेलं. भऱ्याच्या पुलाशी गाड्या तुंबल्या. पुढे एकानं भाताचा पेंढा भरलेली बैलगाडी रस्त्यावर आडवी वळवायला घेतली होती आणि मागचे सगळे मिळून त्याला शहाणपण शिकवत होते. देशमुख हॉर्न न वाजवता बसले होते. मी खिडकीतून ओरडले, "आवर की रे बाबा!" तो गाडीवान माझ्याकडे बघून म्हणाला, "बैलांना सांगा की तुमी! ऐकत्यात का बघा." मला पानाच फेकून मारावासा वाटला.

मनात सारखं एकच चाललेलं. तुटली असेल का? आत्ता? का आत्ता?

आम्ही पोचलो तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते. गाडी खाली लावून चढावं लागलं. पन्नाशीची बाई, नऊवारी नाही म्हणून नशीब. पायवाटेच्या तोंडाशी लाल झेंडी घेतलेले एक आजोबा बसले होते, डोक्याला मुंडासं.

"ओ बाय! कुटं चाल्ला? हितनं म्होरं जायाचं न्हाई. सायकली येत्यात."

"आजोबा, एक मुलगी आहे, निळी सायकल..."

"मुलाण्याची? लई पळतीया! दोन फेऱ्या मारल्या, दोन ऱ्हायल्यात. दुसरी हाय ती."

"पडली नाही ना?"

"पडंल कशी? वाऱ्यावानी हाय ती. पर त्यो पल्याडचा उतार वंगाळ हाय, निस्ता दगुड. सकाळधरनं दोघं गडी पडलं तितं."

दोन फेऱ्या राहिल्या, म्हणजे तो उतार आणखी दोनदा.

देशमुखांनी चौकशी केली. शर्यतीत मधेच सायकल बदलता येत नाही. बदलली तर बाद. पण मैदानाच्या कडेला दोऱ्या बांधून एक जागा केलेली, तिथे स्वाराला थांबून पाणी घेता येतं, सायकल दुरुस्त करता येते. मी त्या दोऱ्यांत जाऊन उभी राहिले. तिसऱ्या फेरीचा उतार ती तेव्हा उतरत होती. तो उतार तिथून दिसत नव्हता. मला फक्त वळण दिसत होतं. पहिली मुलगी आली, लाल बनियन, निघून गेली. वळण रिकामं. मी मोजायचं नाही ठरवलं आणि मोजत बसले.

मग निळं दिसलं.

"यास्मिन! थांब! इकडे ये!"

मला तिथे बघून ती इतकी चमकली की ब्रेक दाबले गेले. "मावशी? तुम्ही? अब्बा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. उतर. एक मिनिट उतर."

ती उतरली. मी खाली बसले. खळगा होता. धुळीखाली काहीच दिसत नव्हतं. पदरानं पुसलं, नख ओढलं. एकदा सरळ गेलं. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्यांदा जरा खालच्या अंगानं ओढलं.

अडकलं.

"तडा गेलाय," मी म्हटलं. "मी पाडलाय. स्टँड आवळताना. देशमुखांच्या सायकलला पण गेलाय. तुटेल ही."

"कधी तुटेल?"

"माहीत नाही."

"एक फेरी राहिलीय मावशी! एकच! दोन महिने टिकली ती वीस मिनिटं नाही टिकणार?"

"माहीत नाही म्हटलं ना."

"मग सोडा."

मी मागचं चाक धरलं होतं. दोन्ही हातांनी, आऱ्यांमध्ये बोटं घालून. शर्यतीचा एक अधिकारी धावत आला. "बाई, बाजूला व्हा. थांबायचं की नाही ते स्वार ठरवतो, तुम्ही नाही." बरोबरच होतं त्याचं. मी त्याला म्हटलं, "हो," आणि चाक तसंच धरून बसले.

"सोडा मावशी!" यास्मिननं हँडल ओढलं. "माझी फ्रेम, माझं हाड मोडेल! तुमचं काय जातंय?"

मागून एक मुलगी गेली. तिसरी होती ती, आता दुसरी झाली. यास्मिननं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तसं माझ्याकडे त्याआधी कुणी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. तिनं पायानं माझा हात ढकलला, बुटाच्या टाचेनं. लागलं. मी सोडलं नाही. मला एवढंच कळत होतं, की हा पाइपइतकाच जोर आहे आणि तो आता उलट्या कामाला लावायचा.

आणखी एक गेली.

मग यास्मिननं हँडल सोडलं. सायकल माझ्या अंगावर कलली. आणि ती दोऱ्यांखालून वाकून निघून गेली. देशमुखांनी तिला गाडीतून घरी सोडलं. मी मागे सायकलच्या फ्रेमला धरून बसलेली, ती पुढे. अब्बा दारात उभे होते. मी गाडीतून उतरले आणि त्यांना सगळं सांगितलं, पाइपपासून. ते ऐकून घेऊन म्हणाले, "पोरगी चालत घरी आली ना? मग बसा, पाणी घ्या." आतून दार लागल्याचा आवाज आला.

पुढचा महिना मी एकच काम केलं. अ‍ॅल्युमिनियमच्या जितक्या सायकली मी विकल्या होत्या, त्यांच्या दारी गेले. नांद्याला गेले, नेऱ्याला गेले, भऱ्याला गेले. स्टँड काढून तपासलं. आणखी दोन फ्रेमी चेपलेल्या निघाल्या, त्या बदलून दिल्या. लोक म्हणायचे, "अवो काकू, स्टँड काढून काय नेताय? चांगलं घट हाय की!" मी म्हणायची, तेच तर. गावभर झालं, की सायकलवाल्या काकूंना काहीतरी झालंय, फुकट दिलेली स्टँडं परत नेतायत. हे गल्ल्यावरून म्हणाले, "लोखंडाचं शिकवलं मी तुला. हे दुसरं आहे ते मलाही कळलं नाही." यांनी एवढं कबूल करणं म्हणजे काय ते मलाच ठाऊक. पाइप मी खिळ्यावरून काढला नाही. समोर असू दे म्हटलं.

यास्मिनला मी नवी फ्रेम बसवून सायकल पाठवली होती. ती स्वतः आली ती संक्रांत झाल्यावर. आत आली, जुनी फ्रेम कोपऱ्यात उभी होती तिच्यापाशी जाऊन बसली आणि खळग्यावरून नख ओढलं.

मी म्हटलं, "मी पण रोज बघते. आज एकदाचं होऊन जाऊ दे. शेगड्यात, त्या लोखंडी पकडीत, धरते, पाइप लावते आणि जोर देते. कळेल तरी."

मी ती शेगड्यात आवळलीसुद्धा. पाइप घातला. हातात धरला. खरं सांगते, मला ती तुटायला हवी होती. तटकन, तिच्यासमोर.

तिनं माझा हात धरला.

"नको मावशी."

"अगं, तुला वाटत नाही का..."

"तुटली तर ठीक. नाही तुटली तर?" ती म्हणाली. "मग मी काय करू? तुमच्यावर आयुष्यभर चिडून राहू? मला नाही जमायचं. पंक्चर कुठे काढू मग? राहू दे तशीच."

मी पाइप खाली ठेवला. जाताना ती दारातून ओरडली, "आणि निर्णय माझा होता हां मावशी! तुम्ही घेतला. ते मी विसरणार नाही."

विसरलीही नाही. शिबिर गेलं ते गेलं. पुढे ती शाळेत खेळाची शिक्षिका झाली. मुलींना घेऊन दुकानात यायची, कमी पैशात कोणती हार्डटेल घ्यायची ते माझ्यासमोर त्यांना शिकवायची, आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणायची, "आणि या मावशींनी काहीही फुकट दिलं, तर घ्यायचं नाही."

दोन हजार बावीसला आम्ही दुकान बंद केलं. यांची कंबर होतीच, आता माझे गुडघेही निघाले. भंगारवाला टेम्पो घेऊन आला. रिमा, चेनी, मडगार्डं भरून झाली आणि त्यानं निळी फ्रेम उचलली. टेम्पोत जागा कमी. त्यानं ती रस्त्यावर आडवी टाकली. "माताजी, इसको चपटा करके डालता हूँ," म्हणाला आणि बरोबर त्या खळग्यावर मारायला पाय उचलला.

मी गल्ल्यामागून "थांब!" म्हणून जी ओरडले, तो एका पायावर तसाच उभा राहिला. वाटलं, मारू दे. एक लाथ, आणि मला कळेल. मी त्याच्या त्या उचललेल्या बुटाकडे बघत राहिले. मग जाऊन फ्रेम काढून घेतली. टेम्पोत त्याऐवजी पाइप टाकला.

हे सगळं लिहायचं तर यास्मिनला विचारायला हवं होतं. परवा फोन केला. आता तिच्याही केसांत पांढरं दिसायला लागलंय. म्हणाली, "लिहा की मावशी. पण शेवटी ती तुटलीच असती, असं लिहा."

"मला माहीत नाही गं अजून."

"मला तरी कुठे माहीत आहे? तरी लिहा."

तर लिहिते. तुटलीच असती.